‘कॉम्प्रेसर गेला’ : भुसावळच्या एका उन्हाळ्यातल्या नोंदी

१५ एप्रिल २०२४, सोमवार

दुपारी ताईचा फोन. एसी थंड करत नाही. मेकॅनिक येऊन गेला, ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणाला, नव्याचे अकरा हजार सांगितले, गॅस वेगळा. दाजी म्हणे, दहा वर्षं झाली, त्यापेक्षा नवाच आणू. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, पैसे कुठे पळून जात नाहीत.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. पाणबुडी मोटारी, विहिरीवरचे मोनोब्लॉक, कूलरचे पंप. एसीच्या वाटेला मी फारसा जात नाही, पण कॉम्प्रेसर म्हणजे शेवटी सिंगल फेजची मोटारच, लोखंडी मडक्यात घालून वरून वेल्डिंग मारलेली.

गच्चीवर गेलो तेव्हा पंखा व्यवस्थित फिरत होता. कॉम्प्रेसर गुंऽऽ करत सात-आठ सेकंद घुमायचा, मग आत कुठेतरी ‘टक्’, आणि गप्प. काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज माझ्या कानाला पाठ आहे. कपॅसिटर उतरलेली पंपाची मोटार अशीच घुमते आणि शेतकरी पंख्याला काडीने ढकलून ती चालू करतो. इथे मडक्यात काडी घालायची सोय नाही, एवढाच फरक.

खालचा एमसीबी पाडला, बाजूचं झाकण काढलं, शंभरच्या बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरला लावून तो रिकामा केला. छापलेलं होतं ५० एमएफडी (म्हणजे मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप), ४४० व्होल्ट, अधिक-उणे ५ टक्के. मीटरवर आलं ३१. डोक्यावर हलकंसं टेंगूळही आलेलं. नवा ३४० रुपयांना मिळाला. लावला आणि पहिल्याच झटक्यात कॉम्प्रेसर उठला. टाँग टेस्टरवर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचा मीटर) ७.४ अँपिअर, नेमप्लेटच्या आतच.

ताईला विचारलं, त्या मेकॅनिकने काय मोजलं? ती म्हणाली, “मोजलं कुठे रे, वरून हात लावून पाह्यला. फार तापलाय म्हणाला.”

तापणारच ना. उठता येत नाही म्हणून पाच-सहापट करंट ओढतो, ओव्हरलोड (फार तापलं की वीज तोडणारी चकती) तोडतो, थोडा निवला की पुन्हा धडपडतो. दिवसभर हेच चाललं तर मडकं भाकरीच्या तव्यासारखं तापतं. तापलेला म्हणजे मेलेला नव्हे.

रात्री जेवताना भाचा म्हणाला (आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दुसरं वर्ष), “मामा, भंगारात जाणारे सगळेच असे असतील का?” हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ही वही.

१८ एप्रिल, गुरुवार

भंगारवाल्या आप्पांकडून सहा आउटडोअर उचलले. अट एकच, महिनाभराने परत करताना तांबं वजनात कमी भरता कामा नये. आप्पा हसले, “तू वाइंडरवाला, तुझ्यावर भरोसा कसा ठेवू?” तरी दिले.

सगळ्यांचे पाइप कापलेले, गॅस कधीच हवेत गेलेला. वाईट वाटलं, पण भंगाराच्या धंद्यात पंप डाउन करत, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडत, कोण बसतो? म्हणजे हे नग पुन्हा कुणाच्या घरी लावण्याच्या लायकीचे नाहीत. तेलात ओल गेली असणार. पण विजेच्या बाजूने काय गेलं होतं ते पाहता येईल.

खडूने १ ते ६ आकडे टाकले. पाच साधे, सहा नंबरचा दोन टनी, बाकी दीड टनी. फक्त ५ नंबर इन्व्हर्टर.

साध्या दीड टनी स्प्लिटच्या आउटडोअरमध्ये वीज अशी फार नसते. टर्मिनल पट्टी, कॉम्प्रेसरचा कपॅसिटर, पंख्याचा अडीच-तीन एमएफडीचा छोटा कपॅसिटर, कॉम्प्रेसरच्या टोपीखाली चकतीचा ओव्हरलोड, आणि वायरी. चालू-बंद करणारी रिले बहुधा आत, इनडोअरच्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटीवर. एवढ्याशा भांडवलावर ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणायला खरं तर फार धीर लागतो.

२० एप्रिल, शनिवार

आज मोजणी. टोपी काढली की काचेत बसवलेल्या तीन पिना दिसतात: कॉमन, रन, स्टार्ट. सी, आर, एस. कुठली कोणती हे वायरीच्या रंगावरून ठरवू नये, मीटरवरून ठरवावं. तीन जोड्या मोजायच्या. सगळ्यांत जास्त आकडा आर-एसचा, कारण दोन्ही वाइंडिंग एकामागे एक येतात; उरलेली पिन कॉमन. कॉमनपासून कमी रोध तो रन, जास्त तो स्टार्ट. आणि पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी यायलाच हवी.

भाच्याने पहिला आकडा २.६ सांगितला. म्हटलं, आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लाव. ०.३ आले. तेवढे वजा कर. ओहममध्ये दोन-तीनची बात असते तेव्हा वायरीचे ०.३ सोडून चालत नाहीत.

१ नंबर: सी-आर २.३, सी-एस ३.६, आर-एस ५.९. बेरीज चोख. मेगर (वाइंडिंग बॉडीला लागलंय का ते पाहायचा मीटर) ५०० व्होल्टचा लावला, बॉडीला शंभर मेगओहमच्या वर. कपॅसिटर १२ एमएफडी. बारा! दुकानातल्या चांगल्या कपॅसिटरवर तारेने बांधून चालू केला. फडफडत उठला, कापलेल्या पाइपातून तेलाचे थेंब उडाले, भाच्याच्या शर्टावर नक्षी. मिनिटभरात बंद केला. बिनगॅसचा उठला म्हणजे गॅसच्या दाबावर उठेलच असं नाही, हे वहीत लिहून ठेवतो, नाहीतर मीच मला फसवीन.

२ नंबर: वाइंडिंग ठीक, पण रनच्या पिनेवर बसणारा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, जळून कोळसा. सैल बसला असेल, तापला असेल, अजून सैल झाला असेल. पिन अर्धी झिजलेली. वायर बोटाने दाबली तर तिचं रबर बिस्किटासारखं तुटलं. कॉम्प्रेसर शाबूत.

३ नंबर: टर्मिनल पट्टीपासून मोजलं तर कॉमन उघडा, म्हणजे वाट तुटलेली. बहुतेकांनी इथेच हात झटकले असते. थेट पिनांवर मोजलं तर तिन्ही आकडे जागेवर. मधला ओव्हरलोड मेलेला. चकती निवून परत बसली होती, पण आतले संपर्कच जळाले होते. दीड-दोनशे रुपयांचा माल.

४ नंबर: आकडे बरे वाटले, मेगर लावला तर थेट शून्य. वाइंडिंग बॉडीला लागलेलं. हा खरा गेलेला.

६ नंबर: वाइंडिंग, मेगर, कपॅसिटर सगळं चांगलं, तरीही गुंऽऽ. टाँगवर ३७ अँपिअर, तीन सेकंदांत स्विच पाडला. आत यांत्रिक जाम. आर आणि एसच्या वायरी अदलाबदल करून क्षणभर उलटा झटका द्यायची एक जुनी युक्ती आहे. कधी कधी अडकलेला सुटतो. दोनदा दिला. ढिम्म. हाही गेलेला.

५ नंबर नंतर. ते वेगळं प्रकरण आहे.

म्हणजे पाचांत दोन. भाचा लगेच टक्केवारी काढायला निघाला. पाच नगांवरून गावाचा हिशेब होत नसतो, म्हटलं. पण मनात मीही काढलीच.

२३ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस कपॅसिटरचा.

दुकानातल्या पोरांना नेहमी प्रश्न पडतो की सप्लाय २३० चा, मग कपॅसिटरवर ४४० का छापतात. ताईकडे जाऊन चालू कॉम्प्रेसरवर कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजून दाखवलं: ३६५. स्टार्ट वाइंडिंग आणि कपॅसिटर मालिकेत असतात आणि मोटार फिरायला लागली की त्यांच्यावर सप्लायपेक्षा जास्त दाब चढतो. म्हणून तिथे हात घालताना २३० ची सवय कामाची नाही.

त्याच वेळी कपॅसिटरच्या वायरीतला करंट ५.७ अँपिअर. आपल्या ५० हर्ट्झवर हिशेब सोपा: ३१८३ गुणिले अँपिअर, भागिले व्होल्ट. आले ४९.७. कपॅसिटर न काढता, चालू मशीनवर त्याची तब्येत कळते. फक्त हात कोरडे हवेत आणि लक्ष जागेवर. भाच्याला अजून करू दिलं नाही.

मग बाजारातून १२० रुपयांवाले तीन आणले, मुद्दाम. डबा तेवढाच, छपाई तीच, ५० एमएफडी. मीटरवर ४३, ४१, ४१. तराजूवर ठेवले: चांगला २६० ग्रॅम, हे ९० च्या आसपास. एक हॅकसॉने कापला. मोठ्या डब्यात अंगठ्याएवढी गुंडाळी आणि भोवती डांबरासारखं काहीतरी ओतलेलं. बाकी पोकळी. बराच वेळ दोघं बघत बसलो.

चांगल्या डब्यात मरणही सुरक्षित असतं. आतली फिल्म खराब होऊन गॅस झाला की डब्याचं डोकं फुगतं आणि आतली जोडणी ओढून तोडतं. ताईच्या कपॅसिटरवरचं टेंगूळ तेच, नुकतं उगवत असलेलं. डांबरवाल्यात असं काही दिसलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

कॉलनीतल्या एका निवृत्त रेल्वे गार्ड काकांकडे बोलावणं. एसी चालतो पण ‘बॉडी भाजते’. झाकण काढलं तर कपॅसिटर ७० चा. मागच्या वर्षी कुणीतरी ‘व्होल्टेज कमी असतं, मोठा टाकू’ म्हणून टाकलेला. ही विहिरीवरची अक्कल. शेतात असं करतात आणि मग माझ्याकडे जळालेल्या स्टार्ट वाइंडिंगच्या मोटारी येतात. मला रोजगार आहे, तक्रार नाही.

स्टार्टच्या वायरीत ८.१ अँपिअर. पन्नासचा लावल्यावर ५.८. स्टार्ट वाइंडिंगची तार रनपेक्षा बारीक असते आणि या मोटारीत ती उठल्यावर सुटत नाही, सतत कामावर असते. तिच्यातून रोज चाळीस टक्के जादा करंट म्हणजे मंद आंच.

काका म्हणाले, “मग तो मेकॅनिक असं का बोलला?” मी काय सांगणार. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असं सगळ्यांनाच वाटतं.

४ मे, शनिवार

जामनेर रोडवरच्या एका क्लासमध्ये दोन टनी एसी. मुलं घामाने निथळत होती, सर पट्ट्याने वारा घेत होते. इथे आउटडोअरमध्ये कॉन्टॅक्टर आहे, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. जवळ गेलो तर तो चावल्यासारखा कटकटत होता.

दुपारचं व्होल्टेज १८८. कॉन्टॅक्टरची कॉइल २३० ची. साधारण ८५ टक्क्यांना, म्हणजे १९५ च्या वर ती खात्रीने ओढते. त्याखाली तिची मर्जी. ओढते, कॉम्प्रेसर उठायला जातो, व्होल्टेज आणखी बसतं, ती सोडते, पुन्हा ओढते. प्रत्येक ‘कट्’ म्हणजे कॉम्प्रेसरला एक लाथ.

त्यातून संपर्कांमध्ये काळ्या मुंग्या चिरडून त्यांची वडी झालेली. जोडलेल्या संपर्कावर मीटर लावला तर ३.१ व्होल्ट, करंट ११ अँपिअर. म्हणजे चौतीस वॅट. आमच्या बाकावरची सोल्डरिंग आयर्न पस्तीस वॅटची आहे. तेवढी उष्णता त्या इवल्याशा चांदीच्या बटणावर.

कॉम्प्रेसर तपासला तर सी-आर उघडा, सी-एस उघडा, आर-एस मात्र बरोबर. सर घाबरले: “गेला का?” या जातीत ओव्हरलोड मडक्याच्या आत, वाइंडिंगलाच चिकटून असतो. तो उघडला की कॉमन गायब होतो आणि मडकं गार होईपर्यंत येत नाही. ओलं गोणपाट गुंडाळलं, पिनांच्या टोपीवर पाणी जाणार नाही असं. चहा झाला, दुसरी बॅच आली, दोन तासांनी सी-आर १.४ दाखवायला लागला. नवा कॉन्टॅक्टर, नवे थिंबल. या दोन तासांत घाई केली असती तर सरांचे वीस हजार गेले असते.

१० मे, शुक्रवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. ताई आली, आंब्याच्या रसाआधी बोलली: “तुझा कपॅसिटर परत गेला.”

चुलीवर मांडे होते आणि मी उठून तिच्या घरी गेलो. आईच्या शिव्या मागे.

कपॅसिटर ४९. शाबूत. पण दुपारी अडीचला कॉम्प्रेसर तसाच घुमत होता, गुंऽऽ, टक्. म्हणजे महिन्यापूर्वी मी जे शोधलं ते अर्धंच होतं. ३१ चा कपॅसिटर खराब होताच, पण त्याच्यामागे दुसरं काहीतरी होतं, आणि मी ३४० रुपयांत हिरो होऊन घरी आलो होतो. संध्याकाळी सात वाजता तपासलं ना! संध्याकाळी सगळेच सरळ वागतात.

आज व्होल्टेज टप्प्याटप्प्याने धरलं. मीटरपाशी, कॉम्प्रेसर बंद असताना २०४. आउटडोअरच्या टर्मिनलवर, कॉम्प्रेसर उठायच्या क्षणी, १७२. मोटारीचा उचल-जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. २३० चे १७२ म्हणजे पंचाहत्तर टक्के वाटतात, पण जोर उरतो छप्पन टक्के. तेवढ्यात तो गॅसचा दाब ढकलू शकत नाही.

ताईच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. दाजी त्यांच्याकडे हात करून म्हणाले, “दिव्याखाली अंधार.” मीही हो म्हणालो. पण ३२ व्होल्टपैकी बाहेरच्या तारेचे कितीसे? मीटरपाशी उठतानाची घट फक्त ७. बाकी २५ आमच्याच भिंतीत.

११ मे, शनिवार

भिंत उघडली. बिल्डरने पॉवर पॉइंटला १.५ चौ.मिमी.ची तार टाकलेली, बोर्डापासून आउटडोअरपर्यंत २२ मीटर. जायची-यायची मिळून ४४. अशा तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणजे ०.५३ ओहम. उठताना ३६ अँपिअर, म्हणजे १९ व्होल्ट तारेतच विरघळले. चालू असताना ८ अँपिअरला चारच व्होल्ट जातात, म्हणून नुसतं चालताना मोजणाऱ्याला काही दिसतच नाही.

राहिलेले पाच-सहा व्होल्ट जंक्शन बॉक्समध्ये सापडले. न्यूट्रलचा पीळ मारून टेप गुंडाळलेला. टेप सोडवताना तो चिक्कीसारखा तुटला, खाली तांबं निळं-काळं पडलेलं. नाकाजवळ नेलं तर जळक्या पीव्हीसीचा तो आंबट वास. हा वास ज्याला आवडत नाही त्याने माझ्या धंद्यात येऊ नये.

४ चौ.मिमी.ची स्वतंत्र लाइन ओढली, मध्ये एकही जोड नाही, सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी. आउटडोअरचा कॉइल, म्हणजे गॅस निववणारी जाळी, धुतला. त्यातून निघालेल्या धुळीत कापसाचे तंतू होते, जवळच जिनिंग आहे. कॉइल बुजला की दाब वाढतो आणि उठायला जोर जास्त लागतो, तेही याच खात्यात.

दुपारी पावणेतीनला उठतानाचं व्होल्टेज १८९. जोर ६७ टक्के. उठला.

स्टॅबिलायझरही तपासला. दाजींनी त्याची उशिराने चालू होण्याची कळ ‘लगेच’वर ठेवलेली, ‘तीन मिनिटं कोण थांबणार’ म्हणून. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला ती मिनिटं लागतात. कळ मागे सरकवून वर टेप मारला.

१३ मे, सोमवार

लोकसभेचं मतदान. दुकान बंद. बोटाला शाई, वहीला सुट्टी.

१८ मे, शनिवार

४ नंबर कापला. आप्पांना विचारून, तांबं तेवढंच परत जाईल.

आधी तेल काढलं. चांगलं तेल खाण्याच्या तेलासारखं असतं. हे काळं, आणि वास असा की भाचा दाराबाहेर गेला. वाइंडिंग जळतं तेव्हा गॅस आणि तेलापासून आम्ल तयार होतं, हाताला लागू देऊ नये. रबरी हातमोजे घालूनच. दुसरा कॉम्प्रेसर लावताना जुन्या लाइनीत हे आम्ल राहिलं तर नवाही काही महिन्यांत तोच मार्ग धरतो. म्हणून लाइन धुणं आणि नवा ड्रायर (ओल शोषून घेणारा) लागतोच.

ग्राइंडरने वेल्डिंगच्या रेषेवर फिरवलं. वरचं झाकण निघालं आणि समोर ओळखीचं घर: स्टेटर, चोवीस खाचा, दोन पोल. रनची गुंडाळी तपकिरी, पण सलग. स्टार्टची काळीठिक्कर, एका खाचेच्या तोंडाशी लॅकर उडून तार लोखंडाला चिकटलेली. मोहरीएवढा वितळलेला तांब्याचा मणी. चाळीस किलोच्या डब्याला भंगारात नेणारा तो मणी.

स्टार्टच का? गार्ड काकांचा ७० चा कपॅसिटर लगेच आठवला. पण ४ नंबरच्या पेटीत कपॅसिटर नव्हताच, आधीच कुणी काढून नेलेला. तेव्हा मला काय वाटतं हे वेगळं आणि काय सापडलं हे वेगळं.

भाचा म्हणाला, “मामा, आपण भरू ना वाइंडिंग.” भरता येतं. कराडला किर्लोस्कर कोपलँडचे कॉम्प्रेसर बनायचे, त्या काळचे जुने पिस्टनवाले कापून, भरून, परत वेल्ड करणारे उस्ताद होते. मी स्वतः पाहिलेत. पण या रोटरीत स्टेटर मडक्याला घट्ट बसवलेला, रोटर खालच्या पंपाच्या दांड्यावर, आणि दोघांमधली फट कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी. कापून परत जोडताना ती केसभर सरकली तरी घासणार. नाही भरणार, म्हटलं. सगळं येत असलं तरी सगळं करायचं नसतं.

२२ मे, बुधवार

५ नंबर, इन्व्हर्टर. झाकण काढल्याबरोबर कारण समोर: पाल. अर्धी. फिल्टरच्या कॉइल आणि ब्रिज रेक्टिफायरच्या मधोमध चिकटलेली, भोवती काजळी.

हे यंत्र आमच्या जातीचं नाही. इथे आलेला २३० चा एसी आधी डीसी होतो, सव्वातीनशे व्होल्ट, काही यंत्रांत त्याहून वर चढवलेला. मग आयपीएम नावाचा एक ठोकळा त्या डीसीची तीन फेज करून कॉम्प्रेसरला हव्या त्या वेगाने फिरवतो. स्टार्ट-रन भानगड नाही, मोठा रन कपॅसिटर नाही. पिनांना यू, व्ही, डब्ल्यू म्हणतात आणि तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात. आल्या: ०.९, ०.९, ०.९. मेगर उत्तम. कॉम्प्रेसर ठणठणीत.

म्हणजे हाही गेलेला नव्हता. सहांत दोनच.

सप्लाय बंद करून दहा मिनिटं थांबलो तरी डीसीचे मोठे कपॅसिटर मोजूनच हात लावावा. हे नग महिनोन् महिने बंद, तरी सवय म्हणून मोजलं. फ्यूज उडालेला, ब्रिज शॉर्ट. आयपीएम मीटर डायोडवर ठेवून तपासला, सहाही बाजू ०.४-०.५ च्या आत. पुढचं काम जळगावच्या पीसीबीवाल्या दोस्ताचं. माझी विद्या तांब्याच्या तारेपर्यंतच.

जाताना भाच्याला वायर आत शिरते ते भोक दाखवलं. बोट जाईल एवढं. पालीला आणखी काय हवं? रात्री पीसीबी ऊबदार, दिव्याजवळ किडे. त्या भोकात दहा रुपयांचं सिलिकॉन नव्हतं.

२६ मे, रविवार

घराबाहेर पडवत नाही. सावलीतल्या माझ्या थर्मामीटरवर ४५, ताईच्या पश्चिमेच्या भिंतीवर, आउटडोअरच्या तोंडाशी, ४९.

तिचा जुना एसी आर-२२ गॅसचा. एवढ्या उन्हात कॉइलमधला गॅस साठ अंशांच्या आसपास द्रव होतो आणि दाब ३४० पीएसआयकडे जातो. शेजाऱ्यांच्या नव्या आर-३२ मध्ये त्याच तापमानाला साडेपाचशेच्या घरात. तो गॅस थोडा पेटणाराही आहे, त्यामुळे जुन्या सवयीने गॅस असताना लाइनीवर टॉर्च मारणाऱ्यांनी आता जपावं.

करंट ८.९. एप्रिलच्या त्या संध्याकाळी ७.४ होता. मशीन तेच, ऊन वेगळं. ताईने रिमोट १८ वर ठेवलेला. साध्या कॉम्प्रेसरला १८ काय आणि २४ काय, धावायचा तेवढ्याच वेगाने. फक्त कधी थांबायचं ते बदलतं. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टारवाले एसी चालू करताना आपणहून २४ वरच उघडतात, हा जुना, त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही. २५ वर केला. ताईने मी जिना उतरेपर्यंत परत १८ वर केला, बीपचा आवाज आला मला.

पण उठतो आहे. दिवसातून पंधरा वेळा, दुपारीसुद्धा.

१ जून, शनिवार

आप्पांना नग परत. ४ चं तांबं पिशवीत वेगळं, वजन बरोबर. १ नंबर मात्र मी विकत घेतला. स्टेटरमधली धूळ उडवायला छोटा हवेचा पंप होतो त्याचा. तेल अधूनमधून घालावं लागतं. २ आणि ३ चं काय, त्यांना पुन्हा गॅसवर घालायची माझी तयारी नाही, पाइप उघडे राहून फार दिवस झाले.

आप्पांना सांगितलं की सहांपैकी चार शाबूत होते. त्यांनी काट्यावरून मान वर न करता विचारलं, “मग मला मिळतील ना यापुढे?”

९ जून, रविवार

रात्री पावसाची सर येऊन गेली. सकाळपासून दुकानासमोर ट्रॅक्टर उभे. बागायती कपाशीवाल्यांच्या मोटारी आल्या, पाच एचपीच्या तीन, एकीत बेडूक. वही बहुतेक आता कपाटात जाणार.

दुपारी तीनला भाच्याने फोन करून आकडा सांगितला. आउटडोअरच्या टर्मिनलवर २२४ व्होल्ट. उठताना किती, विचारलं. म्हणाला, “मामा, आज कोण लावतंय एसी? आई गच्चीवर कुरडया गोळा करतेय.”